पाचव्या जागेवरचा होकार

माझ्या मावशीला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. समोरच्या घरात बारा वर्षं राहणाऱ्या बाईंना तिने एकदा बाजारात "आपण कोण?" असं विचारलं, आणि त्या फणकाऱ्याने निघून गेल्यावर तिलाच नवल वाटलं. पण त्याच बाईंच्या दाराला रंग देताना रंगाऱ्याचा डबा मध्येच संपला होता आणि खालचा हातभर भाग दुसऱ्या डब्यातला आहे, हे तिने रस्त्याच्या पलीकडून, हातात पिशव्या घेऊन चालता चालता ओळखलं. रंगारी शपथा घेत होता. शेवटी त्याच्याच सामानातून दुसऱ्या नंबराचा डबा निघाला.

तर अशी ही बाई पाच महिने पिवळ्याला पांढरं म्हणत होती. रोज, मोठ्याने, चारचौघांत. ते कसं घडलं हे मला अजून पुरतं उमगलेलं नाही. मी तिला विचारलं, तिच्याबरोबरच्या लोकांना गाठून गाठून विचारलं, काका हात जोडून "आता पुरे कर बाई" म्हणेपर्यंत विचारलं. जे हाती लागलं ते सांगते.

मावशी शिवणाच्या दोऱ्याच्या कारखान्यात होती. पहिली नऊ वर्षं पॅकिंगमध्ये, म्हणजे रिळं खोक्यात भरायची आणि खोक्याला चिकटपट्टी लावायची. दिवसभर उभं राहून, पंख्याखाली जागा मिळाली तर नशीब. एक दिवस भरता भरता तिने दोन रिळं बाजूला काढली आणि ही या मालातली नाहीत म्हणाली. मुकादम वैतागला. गडद जांभळी दिसणारी शंभर रिळं समोर, त्यातली दोन हिला वेगळी दिसतात! त्याने तिची खोड मोडावी म्हणून मास्तरांना बोलावून आणलं. मास्तर म्हणजे कारखान्यातल्या शेडच्या, म्हणजे रंगछटांच्या, खोलीचे प्रमुख. त्यांनी ती दोन रिळं उजेडात नेली, उलटसुलट करून पाहिली, आणि मुकादमाला म्हणाले, "ही बाई मला द्या."

शेडची खोली म्हणजे कारखान्यातली मानाची जागा. नवा रंगवलेला दोरा गिऱ्हाइकाने पसंत केलेल्या रंगाशी जुळतो की नाही, हे तिथे ठरायचं. मी एकदा ती खोली पाहिली आहे. भिंती राखाडी, छत राखाडी, टेबल राखाडी, आणि अंगात घालायचा कोटही राखाडी. खिडकी नाही. नखं रंगवून आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवायचे. मधोमध एक पुढून उघडी पेटी, तिच्यात दिवसासारखा उजेड देणारे दिवे. काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी दोन मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे रस्त्यावरून डोळ्यांत आलेले रंग निवतात. बाहेरच्या कोणी डोकावलं असतं तर पाच प्रौढ माणसं गृहपाठ न केल्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी दिसली असती.

काम करायची पद्धत मास्तरांनीच घालून दिलेली. पसंत केलेला दोरा एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळलेला असायचा, नव्या मालातला दोरा दुसऱ्या पट्टीवर. दोन्ही पट्ट्या कडेला कड लावून पेटीत ठेवायच्या. मग पाच जणांनी, जुना माणूस आधी आणि नवा शेवटी या क्रमाने, पुढे येऊन बघायचं आणि मोठ्याने एकच शब्द बोलायचा. "जुळलं" किंवा "नाही". तिघांचं जुळलं की माल पुढे गेला. एकदा बोललेला शब्द फिरवायचा नाही. नियम मोठ्या चांगल्या हेतूने केलेला. मास्तर म्हणायचे, चिठ्ठीवर लिहून दिलं की माणूस मागाहून हात झटकतो. तोंडाने सगळ्यांसमोर बोलला की जबाबदारीने बोलतो.

आणि एक नियम होता, फुलीचा. ज्याचा शब्द बहुमताच्या उलट पडेल त्याच्या नावापुढे वहीत फुली. वर्षात तीन फुल्या झाल्या की त्या माणसाचे डोळे थकले असं धरायचं आणि त्याला आपल्या मूळ जागी परत पाठवायचं. मावशीची मूळ जागा पॅकिंग. मी तिला विचारलं, "अगं, पण एकटाच बरोबर असला आणि बाकीचे चुकले तर?" मावशी म्हणाली, "अकरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नाही. तू विचारलास तेव्हा मलाही नवीनच वाटला."

ओळीत पहिले मास्तर. साठी ओलांडलेले, मृदू बोलणारे, तिला सगळं शिकवणारे. दुसरे एक उंच गृहस्थ, मावशी घरी त्यांना उंटराव म्हणायची. तिसऱ्या नोंदबाई, कारण वही त्यांच्याकडे. चौथे घाईवाले, ज्यांना प्रत्येक गोष्ट कालच व्हायला हवी असायची. आणि पाचवी मावशी. अकरा वर्षं पाचवी, कारण तिच्यामागून कोणी आलंच नाही.

त्या वर्षी मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला होते. कारखान्याला पांढऱ्या दोऱ्याचं मोठं काम मिळालं होतं. पांढरा म्हणजे लोकांना वाटतं एकच रंग. मावशीला त्यात वीस-पंचवीस वेगळे दिसतात. पहिलाच माल पेटीत आला आणि मावशीला तो लांबूनच पिवळसर दिसला. मास्तर वाकले, त्यांनी पाहिलं, म्हणाले, "जुळलं." उंटराव जुळलं. नोंदबाई जुळलं. घाईवाले तर पेटीपर्यंत पोचायच्या आतच जुळलं. मावशी पुढे झाली, वाकली, आणि म्हणाली, "नाही."

मास्तर रागावले नाहीत. ते रागावतच नसत. म्हणाले, "पुन्हा भिंतीकडे बघून ये." ती दोन मिनिटं भिंतीकडे बघून आली. तरी पिवळंच. पहिली फुली पडली. चार दिवसांनी पुन्हा तेच झालं आणि दुसरी पडली. त्या दिवशी मास्तर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझं वय काय आता? पंचेचाळीस? जपून राहा गं. डोळा हळूच दगा देतो, आपल्याला कळतही नाही."

मावशी घरी आली ती चेहरा पाडून. चहा पुढे ठेवला तर तो निवून गेला. एकच फुली उरली होती. ती पडली की पुन्हा खोकी, पुन्हा चिकटपट्टी, आणि पुन्हा तोच मुकादम, ज्याला तिने अकरा वर्षांपूर्वी जांभळ्या रिळांवरून तोंडघशी पाडलं होतं. पण तिला त्याहून मोठी धास्ती दुसरीच होती. ती मला म्हणाली, "माझ्याकडे दुसरं आहे काय? शिक्षण नाही, चेहरे लक्षात राहत नाहीत, हिशेब काका बघतात. डोळे एवढंच एक चांगलं होतं."

तिसऱ्या वेळी ती "जुळलं" म्हणाली. मग म्हणतच राहिली.

इथून घरातला प्रकार सुरू झाला. एका रविवारी मी उठून पाहते तर पलंगावर घरातल्या झाडून सगळ्या पांढऱ्या वस्तू मांडलेल्या. उशांचे अभ्रे, बशा, मेणबत्ती, माझ्या वहीची पानं, टूथपेस्टचा एक ठिपका, आणि काकांचे सहा बनियन. मावशीने ते सगळं पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत ओळीने लावलं होतं आणि मला म्हणाली, "खरं सांग, बरोबर लावलंय का?" मला सगळं पांढरंच दिसत होतं. काका दाढी अर्धी टाकून आले आणि त्यांनी गंभीरपणे विचारलं, "माझ्या बनियनांत पहिला कोण आला?"

मावशी हसली नाही. ती रोज तसं मांडायला लागली. जेवताना ताटाच्या कडेकडे टक लावून बघायची. रस्त्यात गाड्यांच्या पांढऱ्या रंगांवरून माझी परीक्षा घ्यायची आणि मी काहीही सांगितलं तरी आणखी घाबरायची.

मला सगळ्यात जास्त कुतूहल वाटतं ते तिने पुढे एकदा सांगितलेल्या गोष्टीचं. मी विचारलं होतं, "तू जुळलं म्हणायचीस तेव्हा तुला नक्की काय दिसायचं? पिवळंच ना?" ती म्हणाली, "आधी आधी पिवळं दिसायचं आणि मी जुळलं म्हणायची. तेव्हा जीभ जड व्हायची. पुढे पुढे तसं राहिलं नाही. चौघांचं ऐकून माझी पाळी यायची तोवर पिवळेपणा थोडा उतरलेला असायचा. मी खोटं बोलत नव्हते गं. मला खरंच कमी दिसायचं." आता यात डोळ्याने काय केलं आणि कानाने काय केलं, हे कोण सांगणार?

मध्यंतरी पहिला माल परत आला. तो दोरा ज्यांनी घेतला होता ते दवाखान्यांसाठी चादरी शिवत. त्यांनी लिहिलं होतं की चादरींच्या कडेला पिवळी रेघ उमटते आहे. शेडच्या खोलीत ते पत्र वाचलं गेलं. मास्तर म्हणाले, "त्यांच्याकडचे दिवे खराब असतील." उंटराव म्हणाले, "हल्ली दिवे फार वाईट येतात." नोंदबाई म्हणाल्या की त्यांच्या जावेच्या घरी अशाच दिव्यात सगळं पिवळं दिसतं. घाईवाल्यांनी लगेच त्या लोकांना दिवे बदलायला लिहून टाकावं असं सुचवलं. मावशीने मान डोलावली. पाच शहाणी माणसं एका पत्रापुढे बसून लांबच्या दिव्यांना दोष देत होती, आणि सगळ्यांना बरं वाटत होतं.

शेवटी मीच तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. कारखान्याजवळ एकच डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, भराभर बोलणाऱ्या. जाताना मावशीने रुमाल डोक्यावरून असा घेतला होता की कोणाला वाटावं चोरी करायला निघाली आहे. कारखान्यात कळलं की ही डोळे दाखवायला गेली, तर तिसऱ्या फुलीची वाटही बघावी लागणार नाही, अशी तिची समजूत.

बाईंनी अक्षरं वाचून घेतली, दिवे मारून पाहिले, ठिपक्यांची चित्रं दाखवली. मग मावशीने पिशवीतून पांढऱ्या कागदांचे सहा तुकडे काढले आणि म्हणाली, "मी यातला पिवळा कुठला ते सांगते. बरोबर आहे का बघा."

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. "तुम्ही दोऱ्याच्या कारखान्यात असता का हो? त्या शेडच्या खोलीत?"

मावशीचा चेहरा पांढरा पडला. कुठल्या नंबराचा पांढरा, हे तिलाच ठाऊक. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? पिशवीतून पांढरे तुकडे काढणाऱ्या तुम्ही चौथ्या. एकजण बटणं घेऊन आले होते. तुमच्याकडे झालंय तरी काय? साथ आलीय का डोळ्यांची?"

"आणि त्यांचे डोळे?" मावशीने विचारलं.

"नावं मी सांगायची नाही. पण तुमचे उत्तम आहेत आणि आधीच्यांचेही उत्तमच होते. त्रास काय होतो तुम्हाला? काय दिसत नाही?"

"दिसतंय," मावशी म्हणाली. "तेच तर."

मला हसू आवरेना, आणि मावशी मात्र बोटं मोजत होती. ती चौथी, म्हणजे आधीचे तीन. खोलीत माणसं पाच. कोण आलं नव्हतं, हे तिला विचारावंच लागलं नाही. गेल्या काही महिन्यांत मास्तरांच्या एका पायात काळा मोजा आणि एका पायात गडद निळा असे तिने दोनतीनदा पाहिले होते. घाईत होतं असं कुणाचंही, म्हणून सोडून दिलं होतं. मास्तर कधीच घाईत नसतात, हे तिच्या आता लक्षात आलं. तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "वय झालं की रंग कळेनासे होतात का?"

"काहींना होतात. डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं पडतं. पिवळ्या काचेतून बघितल्यावर पांढरं आणि पिवळसर सारखंच. त्या माणसाला कळत नाही, कारण एका दिवसात काही होत नाही. वेळेवर आला तर भिंग बदलता येतं. फार उशीर करू नये."

घरी येताना मावशी एवढ्या जोरात चालत होती की मला धावावं लागलं. आधी तिला आनंद झाला होता. डोळे शाबूत होते! मग राग आला. उंटराव, नोंदबाई, घाईवाले, तिघांनाही पिवळं दिसत होतं, आणि तिघेही तिच्या दोन फुल्या पडताना मूग गिळून गप्प बसले होते. मी म्हटलं, "तूही पुढे गप्पच बसलीस ना?" त्यावर ती आणखी जोरात चालायला लागली.

पुढे मी त्या तिघांनाही भेटले. मला राहवेना. उंटराव म्हणाले, "मी मास्तरांच्या शेजारी उभा असतो. खरं सांगू, मी दोऱ्याकडे बघायचो तेवढंच मास्तरांच्या तोंडाकडे बघायचो. तीस वर्षांत तो माणूस चुकला नव्हता." नोंदबाई म्हणाल्या, "दोघांनी जुळलं म्हटल्यावर मी कोण मोठी लागून गेले? तुझी मावशी नाही म्हणाली तेव्हा मला वाटलं, अरेच्चा, हिलाही माझ्यासारखाच आजार झाला." हे मला फार आवडलं. आपल्याला जे दिसलं तेच एक माणूस मोठ्याने बोललं, तर बाईंनी त्यालाही रोगी ठरवलं. आणि घाईवाले म्हणाले, "तिघांचं जुळलं की माल पास. माझ्या बघण्याने फरक काय पडणार होता?" फरक पडत नाही असं वाटणाऱ्या माणसाने गुपचूप बटणं घेऊन डॉक्टर का गाठावा, हे मी विचारलं नाही. ते घाईत होते.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी पांढऱ्याचा नवा माल येणार होता. सगळ्यांत मोठा, आणि पुन्हा त्या चादरीवाल्यांसाठीच. मावशीने सकाळी उंटरावांना कोट घालताना गाठलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला होता का हो?"

"मी? मी कशाला जाऊ?" उंटराव म्हणाले आणि कोटाचं बटण चुकीच्या काजात घातलं.

म्हणजे आधी आपसांत ठरवून बोलायची सोय नव्हती. पाचही जण भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मावशी सांगते, ती दोन मिनिटं तिला फार लांब वाटली. तिसरी फुली पडली की आजच कोट काढून ठेवायचा. जुळलं म्हटलं की काहीच होणार नाही, आणि उद्या पुन्हा हाच प्रश्न.

पट्ट्या पेटीत ठेवल्या. मास्तर वाकले. "जुळलं."

"जुळलं," उंटराव.

"जुळलं," नोंदबाई.

"जुळलं, जुळलं," घाईवाले.

मावशी पुढे झाली. वाकली. दोरा इतका पिवळा होता की तिला हसू आलं, असं ती म्हणते. ती सरळ उभी राहिली. "नाही. आणि वहीत फुली मारायच्या आधी माझं ऐका. मी काल डॉक्टरकडे जाऊन आले. माझे डोळे चांगले आहेत. तुमच्यातले तिघं माझ्याआधी तिथे जाऊन आलेत, त्यांचेही चांगले आहेत. चार जणांचे डोळे तपासलेले आहेत आणि चौघांचेही चांगले आहेत. आता मला प्रत्येकाने सांगा, हे पांढरं आहे का?"

मग उंटराव मानेपासून लाल होत म्हणाले, "मी नुसता चष्म्याचा नंबर बघायला गेलो होतो."

"मीसुद्धा," नोंदबाई म्हणाल्या, आणि वळून उंटरावांकडे बघत राहिल्या. "तुम्हीही?"

घाईवाल्यांनी पट्टीच उचलून हातात घेतली, जे करायचं नसतं. "अहो, पिवळं आहे हे! पहिल्या दिवसापासून पिवळं आहे!" मग सगळे एकदम बोलायला लागले. मला तेव्हा वाटलं होतं, मला तेव्हाच दिसलं होतं, मी घरी बायकोलाही म्हणालो होतो. शब्द फिरवायचा नाही हा नियम कोणाच्या ध्यानातही राहिला नाही. पाच महिने ज्यांच्या तोंडून एक खरा शब्द निघत नव्हता ते एकमेकांना बोलू देईनात. मावशीही हसत होती. तिची जागा वाचली होती, डोळे वाचले होते, अंगावरून ओझं उतरलं होतं.

आणि मग एकेक जण गप्प होत गेला. चार जणांचे डोळे तपासलेले, असं मावशी म्हणाली होती. पाचवे मास्तर पेटीपुढे उभे होते.

त्यांनी पट्ट्या पुन्हा कडेला कड लावल्या. वाकून पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. मग सरळ झाले आणि म्हणाले, "हो. बरोबर आहे तुमचं. पिवळसर आहे."

"बघा!" घाईवाले म्हणाले. नोंदबाईंनी वही उघडली, पण फुली कोणाच्या नावापुढे मारायची ते न कळून ओळ तशीच कोरी सोडली. उंटराव मास्तरांना म्हणाले, "आज दिवेच जरा नीट लागलेत." सगळ्यांना वाटलं, संपलं. चहाची वेळ झाली होती, तिघं बाहेर गेले.

मावशी गेली नाही. मास्तरांचा तो आवाज तिला ओळखीचा वाटला होता. जरा मोठा, जरा जास्तच सहज. पाच महिने ती स्वतः त्याच आवाजात बोलत होती.

मास्तर स्टुलावर बसले होते. ती शेजारी उभी राहिली आणि तिने विचारलं, "मास्तर, खरंच दिसलं का हो तुम्हाला?"

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "नाही."

"मग पिवळं का म्हणालात?"

"तुम्ही चौघंही म्हणालात ना. म्हणजे असणार."

पुढे मावशीनेच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. एका डोळ्याचं भिंग बदलता आलं. दुसऱ्याला फार उशीर झाला होता. तो तसाच राहिला. मास्तरांनी कधी त्याबद्दल कोणाला बोल लावला नाही. पण त्या दुपारी स्टुलावर बसून ते आणखी एक वाक्य बोलले होते, आणि ते मावशीने मला सांगायला दोन वर्षं घेतली.

ते म्हणाले होते, "मला घरी शंका यायची गं. औषधाच्या गोळ्या निवडताना, शर्ट काढताना. वाटायचं, डॉक्टरांकडे जावं. पण सकाळी इथे यायचो, जुळलं म्हणायचो, आणि तुम्ही चौघं माझ्यामागे जुळलं म्हणायचात. मग वाटायचं, चार चांगले डोळे सांगतायत, म्हणजे माझे अजून ठीक आहेत. म्हणून गेलो नाही."

हे सांगताना मावशी पलंगावर बसून अभ्र्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालायची थांबली आणि म्हणाली, "मला वाटायचं, मी त्यांचा मान राखतेय. आणि ते रोज मला विचारत होते."